ताई, आमच्या वेबसाइटचे आकडे वाचायला शिकवल्याबद्दल

प्रिय ताई,

नाव लिहायचं नाही अशी तुमची अट, म्हणून नुसतं ताई. आभार मात्र जाहीरच मानायचे होते. गडकिल्ल्यांची आमची वेबसाइट आज लोकांच्या उपयोगी पडते, त्यात तुमचा वाटा फार मोठा आहे आणि ती वापरणाऱ्यांपैकी कुणालाच तो ठाऊक नाही.

आम्ही सगळे डोंगरात भटकणारे. माहिती गोळा करायची, फोटो चढवायचे आणि महिनाअखेर एकूण भेटींचा आकडा बघायचा, हा आमचा क्रम. तुम्ही पहिल्याच बैठकीत तो एकूण आकडा बाजूला ठेवायला लावलात. आलेल्या माणसाला काय हवं होतं आणि ते त्याला मिळालं का, एवढे दोन प्रश्न आधी कागदावर लिहायचे आणि मगच अहवाल उघडायचा, अशी शिस्त लावलीत. ऑफिस सुटल्यावर, प्रवासाचा शीण अंगावर असताना, तुम्ही आमच्याबरोबर रकाने वाचत बसायचात. त्याचा एक रुपयाही कधी घेतला नाहीत.

सगळ्यात जास्त शिकवलं ते वेबसाइटवरच्या शोधाच्या चौकटीने. लोक तिथे काय टाइप करतात याची नोंद राहते. ज्या शब्दांना एकही निकाल मिळत नाही, त्यांची तुम्ही वेगळी यादी काढायला लावलीत. त्या यादीत ‘शेवटची एसटी’ होतं. हरिश्चंद्रगडासाठी ‘पाचनईहून किती वेळ’ होतं. पावसाळ्यात ‘बंदी आहे का’ वाढायचं, कारण दरवर्षी त्या दिवसांत धबधब्यांवर आणि काही गडांवर जाण्यास मनाई करणारे प्रशासनाचे आदेश निघतात. नुसतं ‘पाणी’ तर बारा महिने असायचं. आणि एक ओळ पुन्हा पुन्हा दिसायची: ‘एकटीने जाता येईल का’. तुम्ही त्या ओळीवर बोट ठेवून थांबलात. हे उत्तर आम्ही पुरुषांनी बसून लिहायचं नाही, असं सांगितलंत आणि नेहमी डोंगरात जाणाऱ्या मुलींकडून गडागडाचा अनुभव लिहून आणायला लावलात. आज आमच्याकडे सर्वांत मन लावून वाचली जाणारी पानं तीच आहेत.

मग पानाचा क्रम. वाचक किती खाली सरकतात याचा अहवाल तुम्ही उघडलात. बहुतेक जण इतिहासाच्या दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदापाशी थांबत होते आणि पाण्याच्या टाक्यांची माहिती त्याच्याही खाली होती. येणारे बहुसंख्य मोबाइलवर, आणि त्यातले कित्येक जण पायथ्याच्या गावात, जेमतेम रेंज असलेल्या जागी उभे राहून पान उघडत असणार, हे तुम्ही जाणलंत. पानातला मुख्य मजकूर किंवा चित्र अडीच सेकंदांच्या आत दिसावं, असा गूगलने घालून दिलेला एक दंडक आहे. आमचे मोठमोठे फोटो असताना ते जमणं शक्यच नव्हतं. आता पायथ्याचं गाव, वाट, कोणत्या महिन्यापर्यंत पाणी पिण्याजोगं असतं, मुक्काम आणि एसटी एवढं सगळं नुसत्या अक्षरांत सर्वांत वर येतं. फोटो खाली, आणि हलके करून. इतिहास कमी केला नाही, याबद्दल मी तुमचा विशेष ऋणी आहे. तो वाचायला येणारा वाचक घरून, रात्री, सवडीने येतो, हे तुम्हीच तासागणिक आकडे काढून दाखवलंत.

दिवाळीचं मात्र सविस्तर सांगायलाच हवं. दरवर्षी दिवाळीच्या आधी राजगडाच्या पानावरची वर्दळ एकदम वाढायची. तेव्हा ट्रेकची गर्दी म्हणावी तर एसटी आणि मुक्कामाकडे कुणी फिरकत नसे. तुम्ही सर्च कन्सोल हे गूगलचं साधन उघडून लोक गूगलवर कोणते शब्द टाकून आमच्यापर्यंत पोचतात ते काढलंत. निम्मे शब्द रोमन लिपीतल्या मराठीत होते आणि सगळ्यांचा अर्थ एकच होता: राजगड किल्ला कसा बनवायचा. ही अंगणात मातीचा किल्ला करणारी मुलं होती! त्यांना इतिहासाच्या सनावळ्या नको होत्या. बालेकिल्ला मध्ये कुठे येतो आणि पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या कोणत्या बाजूंना पसरतात, हे त्यांना वरून बघायचं होतं. आमच्यातल्या एकाने तसं रेखाटन केलं, छापता येईल असं. गडावर कधीही न गेलेली मुलं आता ते चित्र समोर ठेवून माच्या घडवतात आणि पालक फोटो पाठवतात.

त्याच वेळी तुम्ही आणखी एक गोष्ट शिकवलीत, जी मला कुठल्याच परदेशी मार्गदर्शिकेत सापडली नाही. ऑक्टोबरची तुलना मागच्या ऑक्टोबरशी करायची नाही. २०२३ साली दिवाळी नोव्हेंबरच्या मध्याला होती, २०२५ साली ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. तारखेला तारीख लावली तर एका वर्षी खोटी वाढ दिसते, दुसऱ्या वर्षी खोटी घट. रायगडाच्या पानाचंही तसंच. ६ जून आणि तिथीचा शिवराज्याभिषेक हे दोन वेगळे उंचवटे असतात, आणि त्यातला दुसरा दरवर्षी जागा बदलतो. आमच्या तक्त्यात आता तारखेशेजारी तिथीचा रकाना आहे.

माणूस वीस सेकंदांत निघून गेला म्हणजे पान फसलं, असं नसतं, हेही तुमच्याकडूनच समजलं. शेवटच्या एसटीची वेळ बघायला आलेल्याचं काम वीस सेकंदांतच व्हायला हवं. वेबसाइटच्या भेटी मोजणाऱ्या जुन्या गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये, जे १ जुलै २०२३ पासून बंद होत गेलं, एकच पान वाचून गेलेल्याचा वेळ शून्य धरला जाई, कारण हिशेब दोन पानं उघडण्यामधल्या अंतराचा होता. लोक कुठून आले हे सांगणाऱ्या अहवालात ‘थेट’ या नावाखाली येणाऱ्यांत व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दुव्यांवरून येणारे किती तरी असतात. अमेरिकेतलं अ‍ॅशबर्न अहवालात वर आलं, तर ते बहुधा तिथल्या डेटा सेंटरमधले संगणक असतात, मराठी मंडळ नव्हे. अशा बारीकसारीक गोष्टी तुम्ही चहाच्या घोटाबरोबर सांगून गेलात आणि आमचे कितीतरी चुकीचे निर्णय टळले.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातले १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्या आठवड्यात आमच्याकडे न भूतो अशी गर्दी लोटली. आम्ही हरखलो होतो. तुम्ही मात्र लोक एक पान बघून कुठे अडतात ते पाहत होतात. खांदेरीला होडी कुठून मिळते आणि तमिळनाडूतला जिंजी या यादीत कसा, हे दोन प्रश्न तुम्ही त्याच रात्री वेचून दिलेत. सकाळपर्यंत राजाराम महाराजांच्या जिंजीतल्या वास्तव्याचं टिपण आणि बाराही किल्ल्यांना जोडणारी यादी तयार होती.

आणि ताई, तुम्ही जे मोजू दिलं नाहीत त्याबद्दल वेगळे आभार. वाचकाचं नेमकं ठिकाण टिपणारी एक सोय आमच्यातल्या काहींना हवी होती. कोण कोणत्या शनिवारी कुठल्या डोंगरात जाणार आहे, ही माहिती आपल्याकडे साठताच कामा नये, यावर तुम्ही ठाम राहिलात. मोजणी मॅटोमो या दुसऱ्या साधनावर, आपल्याच सर्व्हरवर आणलीत आणि आयपी पत्त्याचा, म्हणजे वाचकाच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकाचा, शेवटचा भाग पुसून टाकायची व्यवस्था केलीत. ‘एकटीने जाता येईल का’ विचारणारी मुलगी आमच्याकडे निर्धास्तपणे येऊ शकते, ती त्यामुळे.

येत्या दिवाळीसाठी प्रतापगडाचं रेखाटन चालू आहे, कारण गेल्या वेळी शोधाच्या यादीत राजगडाखालोखाल तोच होता. झालं की सगळ्यांत आधी तुम्हाला पाठवतो. मनापासून आभार.

तुमचा,
गडवाटांच्या वेबसाइटचा एक संपादक