बिस्किटाची मान आणि बाकी खुशाली

शेफिल्ड, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शि. सा. न. वि. वि.
आजीला वेगळा नमस्कार.

मी ठणठणीत आहे. पहिल्याच ओळीत लिहिते, कारण गुरुवारच्या फोननंतर तुम्ही दोघांनी काय काय तर्क लढवले असतील ते मला इथे बसून कळतंय. मी रडत नव्हते. घरातलं हीटिंग सुरू झालं की माझं नाक दर वर्षी चोंदतं. पत्र लिहिते आहे ते आजीसाठी. तिला फोनवर अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं आई स्वतःच्या पद्धतीने सांगते. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. शेवटचं पान तेवढं तुमच्यापुरतं ठेवा.

माझा ससा बिस्किट (आजी, तुझा पारले) जिवंत आहे, खातोय आणि माझ्यावर चिडतोही आहे. मान अजून वाकडी आहे, पण आधी होती तेवढी नाही. सुरुवातीला त्याचं डोकं उजवीकडे इतकं कललं होतं की एक डोळा छताकडे आणि दुसरा जमिनीला टेकलेला. बुबुळं डावी-उजवीकडे सारखी हलत होती. उठायला गेला की लाटण्यासारखा गडगडत भिंतीपर्यंत जायचा. घरातल्या मैत्रिणीला (केरळची नर्स, आई तिच्याशी बोललीय) वाटलं, संपलं. मला तसं वाटलं नाही. वॉर्डात मी रोज अशी माणसं बघते, ज्यांच्या कानातलं तोलाचं यंत्र बिघडलंय आणि जी पलंगाचा कठडा घट्ट धरून बसतात, कारण त्यांच्या लेखी पलंगच फिरत असतो. सशाला धरायला कठडा नसतो, म्हणून तो गडगडतो. अर्धांग नाही, लकवा नाही. आणि आई, लचकही नाही, त्यामुळे शेक देण्याचा प्रश्न नाही.

कारण बहुतेक वेळा दोनातलं एक असतं. एक म्हणजे कानाच्या आतल्या भागात पू होणं. लोंबत्या कानांच्या सशांना ते जास्त होतं आणि आपला बिस्किट लोंबत्या कानांचाच. दुसरं म्हणजे एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली नावाचा एक सूक्ष्म परजीवी, जो मूत्रपिंडात आणि मेंदूत घर करतो आणि लघवीतून पसरतो. इंग्लंडमधल्या पाळीव सशांपैकी निम्म्यांच्या आसपास सशांची त्याच्याशी कधीतरी गाठ पडलेली असते आणि बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. म्हणून रक्त तपासलं तरी ‘यानेच झालं’ असं छातीठोक सांगता येत नाही. व्हेटने (प्राण्यांच्या डॉक्टरने) दोन्ही धरून औषधं दिली.

बाबा, तुम्हाला गंमत वाटेल. परजीवीवरचं औषध म्हणजे फेनबेंडाझोल, काकांच्या गोठ्यात म्हशींना जंतावर पाजतात तेच. इथे ते २८ दिवस रोज द्यायचं. आणि चक्कर कमी व्हायला जे दिलंय ते आजीच्या डब्यातलं स्टेमेटिल, अर्थात थेंबभर. उलट आपण घरात सर्रास घेतो ते अमॉक्सिसिलिन सशाच्या तोंडात गेलं तर जिवावर बेततं, पोटातले चांगले जंतूच मरतात. हे एवढ्यासाठी सांगते की काकूंच्या शेजारच्यांनी ससा घेतलाय म्हणे. त्यांना म्हणावं, माणसांच्या गोळ्या मनाने देऊ नका.

औषधापेक्षा मोठं काम खायला घालण्याचं. ससा बारा तास उपाशी राहिला तर ती धावपळ करण्याची वेळ. त्याचं आतडं सतत चालतं राहावं लागतं, आणि उलटीही त्याला करता येत नाही. म्हणून वाळल्या गवताच्या पुडीत कोमट पाणी कालवून सिरिंजने, गालाच्या बाजूने, थोडं थोडं भरवायचं. सरळ घशात सोडलं तर ठसका लागून श्वासनलिकेत जातं. रात्री मैत्रिणीची ड्यूटी नसेल तेव्हा ती भरवते, नाहीतर मी. आता तो स्वतः कोथिंबीर खायला लागलाय. सुपरमार्केटमध्ये ती चिमूटभर मिळते, पण आशियाई दुकानात आपल्यासारखी जुडी मिळते. दुकानदाराला वाटतं माझ्याकडे रोज पंगत असते.

उचलायचं ते छातीशी घट्ट धरून, कारण पाय अधांतरी झाले की तो पुन्हा गडगडतो. खालच्या बाजूचा डोळा घासला जातो, त्यात मलम. फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून लोकरी कापड अंथरलंय आणि दोन्ही बाजूंना टॉवेलच्या घट्ट गुंडाळ्या लावल्यात. त्यांच्यात अडकून तो सरळ बसतो. दिवसातून काही वेळ गुंडाळ्या काढून त्याला चालवते. पडला तरी लगेच उचलत नाही, कारण मेंदूला नवा तोल शिकायला वेळ द्यावा लागतो.

आजी, गुंडाळीवरून आठवलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची तुझी टॉवेलची गुंडाळी कुठे असते? घोट्याखाली असायला हवी, गुडघ्याखाली नाही. गुडघ्याखाली फक्त व्यायामापुरती: गुडघा खाली गुंडाळीवर दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. झोपताना तिथे उशी ठेवलीस तर बरं वाटतं, पण गुडघा वाकडाच राहू शकतो. व्हिडिओ कॉलवर आई फोन तुझ्या पायाऐवजी पंख्याकडे धरते, त्यामुळे मला काहीच दिसत नाही. कराडच्या फिजिओ मॅडम चांगल्या आहेत, मी बोललेय त्यांच्याशी. तरी आईने फोन नीट धरावा.

आता इथली एक गोष्ट सांगते, जी मला अजून पचलेली नाही. तुम्ही विचारलंत ना, एक ससा आजारी तर दुसरीला तिथेच का ठेवलंय? तर इथे ससा एकटा ठेवणं वाईट समजतात. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था सांगतात, ससे जोडीने पाळा. म्हणून एकट्या सशासाठी रीतसर स्थळं बघतात! थट्टा नाही. तुमचा ससा पेटीत घालून आश्रयगृहात न्यायचा. नर खच्ची केलेला, मादीचं ऑपरेशन झालेलं, हे आधी विचारतात. मग दोघांना अशा जागी सोडतात जी दोघांपैकी कुणाचीच नाही, कारण स्वतःच्या जागेत आलेल्या परक्याला ससे चावून रक्त काढतात. घरात आणल्यावर काही दिवस शेजारशेजारच्या पिंजऱ्यात ठेवून एकमेकांची अंथरुणं बदलतात, म्हणजे वासाची सवय होते. पाठलाग, थोडी केसं उपटणं चालतं. एकाने डोकं खाली घातलं आणि दुसऱ्याने ते चाटलं की जमलं. कधी एका दुपारीत जमतं, कधी आठवडे जातात. नाही जमलं तर दुसरं स्थळ. मुलाकडचे, मुलीकडचे नाराज होत नाहीत, हा फरक.

आमची टॉफी अशीच आली. जमलेल्या जोडीला आजारातही वेगळं करायचं नाही. दवाखान्यातसुद्धा दोघांना एकाच पेटीत नेतात, नाहीतर परत आलेल्याला दवाखान्याचा वास येतो आणि घरची बायकोच त्याच्यावर धावून जाते. टॉफीलाही औषधं चालू आहेत. ती त्याच्या कललेल्या बाजूला टेकून बसते आणि तिच्या आधाराने तो कान पुसतो. पाहुणे आले की आम्ही त्यांना हे दाखवतो, म्हणजे आम्हीही बिघडलोच.

मला हा रोग होईल का? धडधाकट माणसाला सहसा होत नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावलेली असते त्यांनी जपायचं. मी हातमोजे घालते, जागा गरम पाण्याने धुते. जेवते का? जेवते. काल पिठलं केलं. झोपते का? झोपते, तुकड्यातुकड्यात. ‘सशासाठी एवढं?’ असं आत्याने विचारल्याचं कळलं. काकांचा रश्श्याचा विनोदही पोचला, तो आता पुरे. दोघांना सांगा, कामावर एक दिवसही खाडा केलेला नाही.

(बाबा, इथून पुढे आजीला वाचू नका.)

या महिन्याचे पैसे थोडे कमी येतील. सशाचा विमा आहे, पण सुरुवातीची ठरलेली रक्कम आपली आपण भरायची, आणि रात्रीच्या तातडीच्या दवाखान्याची फी दिवसापेक्षा पुष्कळ जास्त. माणसांसाठी एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) आहे, सशांसाठी नाही. गृहकर्जाचा हप्ता त्यातून भागेल. वॉकरचे आणि फिजिओ मॅडमचे पैसे मात्र काढू नका, ते मी वेगळे पाठवलेत. तुम्ही ‘राहू दे’ म्हणाल. राहू देणार नाही. ऑपरेशनच्या वेळी मी यायला हवं होतं असं आई म्हणाली नाही, पण ती म्हणाली नाही हेही मला ऐकू आलं.

छोटूच्या साखरपुड्याचं ऐकून खरंच आनंद झाला. मुलगी फोटोत हसरी दिसते. लग्न डिसेंबरमध्ये धरू नका, नाताळात वॉर्डाची रजा मिळत नाही. फेब्रुवारीत धरा, मी तीन आठवडे येते. थोरलीचं आधी म्हणून त्याचं अडवू नका. आत्या काय म्हणेल ते आत्याला म्हणू दे.

साताऱ्याच्या स्थळाशी बोलले. माझ्या एका हातात सिरिंज होती, हे त्याला दिसलं. त्याने पगार विचारला नाही, ससा उजवीकडेच का कलतो ते विचारलं. पुन्हा बोलू म्हणालाय. बघू. आई, लगेच पत्रिका काढायला जाऊ नकोस.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, पैसे मंगळवारपर्यंत जमा होतील. आले की बँकेच्या मेसेजचा फोटो पाठवा, आणि आजी जिना चढताना पहिल्यांदा कुठला पाय टाकते तेही लिहा. चढताना चांगला आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. उलटं करत असेल तर आजच सांगा.