बाई, बेरीज करायची का वजाबाकी?

वहिनी, नमस्कार,

तुमचा व्हॉइस मेसेज ऐकला, फोनच करणार होते पण इकडं साडेतीन तास पुढं, तुमची जेवणं उरकेपर्यंत मी झोपलेली असते, म्हणून लिहितेच.

तिसरीची पोरं गणित पुरतं वाचायच्या आधीच "बाई, बेरीज करायची का वजाबाकी?" म्हणून ओरडतात म्हणालात ना, इथं योकोहामात आमच्या बिल्डिंगमधली मराठी पोरं शनिवारी माझ्याकडं येतात ती पण तसलीच, मग मी त्यांना केनकेन द्यायला लागले. तेत्सुया मियामोतो म्हणून इथले गणिताचे मास्तर आहेत, त्यांनी 2004 साली आपल्या वर्गातल्या पोरांसाठी काढलेलं कोडं. 3 बाय 3 चा चौकोन, प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत 1, 2, 3 एकेकदाच. वरच्या ओळीतली पहिली दोन घरं जाड रेघेनं बांधलेली आणि कोपऱ्यात "5+" लिहिलंय, म्हणजे तिथं 2 आणि 3 च बसणार. आता आधी कुठला ते कळत नाही, पण तिसऱ्या घरात 1 हे पक्कं! हे पोरांना लई आवडतं, सगळं कळलं नसताना पण एक गोष्ट छातीठोक सांगता येते. मी उत्तर विचारतच नाही, "इथं 3 का नाही चालणार?" एवढंच विचारते, आणि एक सांगत असताना बाकीच्यांनी ऐकायचं, चूक वाटली तर कारण देऊन बोलायचं. नुसतं "चूक आहे" चालत नाही.

तुमच्याकडं वर्गात पोरं जास्त, झेरॉक्सचा खर्च कशाला, ठिकरीसारखी घरं अंगणात खडूनं आखा आणि आकड्यांच्या चिठ्ठ्या घेऊन पोरांनाच त्यात उभं करा.

आणि ते वाघ, शेळी, गवताचं कोडं. युरोपातल्या हजार वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितात पण आहे ते, तिथं लांडगा आणि कोबी. तुम्ही पंचगंगेचा घाट सांगा, नावेत नावाड्याबरोबर एकच मावतं, आणि नावाडी जवळ नसला की वाघ शेळीला खातो, शेळी गवत. एकूण सात फेऱ्या लागतात, पण पोरं अडकतात चौथ्या फेरीला, पलीकडं नेलेली शेळी परत आणायची म्हणजे त्यांना हरल्यागत वाटतं. तिथं गप्प बसा, सांगू नका, भांडू देत त्यांना.

स्कॉलरशिपच्या बुद्धिमत्ता चाचणीला उपयोग होईल का विचारलंत. होईल थोडाफार, पण क्लासवाले ट्रिका पाठ करून घेतात तसं करायला गेलात तर सगळी मजाच जाईल बघा. आणि घड्याळ तर अजिबात लावू नका, सावकाश पोरं पहिल्याच दिवशी पेन्सिल खाली ठेवतात.

सोपी कोडी वहीत काढून फोटो पाठवते, 4 बाय 4 ची आत्ता नको. आईंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा, आणि दादाला म्हणावं कांदा-लसूण मसाला संपत आलाय!

तुमची,
नणंदबाई