मोठीला यंदा गावातच ठेवा

ती. आई-आण्णा,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर दादा घाईत होता. ऊसतोडीसाठी आगाऊ उचल घेतलीय, मुकादम यंदा टोळी कर्नाटकातल्या कारखान्यावर नेणार आणि त्याच्या मोठीलाही बरोबर न्यायचं घाटतंय, एवढंच कळलं. हे पत्र तुम्हाला तीच वाचून दाखवील. वाचू दे, तिच्याबद्दलच आहे.

शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊ, तिकडच्या शाळेत बसेल, असं दादा म्हणतो. कार्ड खरं आहे, पण ते आपल्या राज्यातल्या शाळांसाठी. तिकडं बहुतेक शाळा कन्नड. सातवीची पोर तिथं जाऊन काय करणार? आणि सांगली-कोल्हापूरकडं गेलं तरी काय होतं ते आण्णा, तुम्ही पाहिलंय. पहाटे नवरा-बायको उसाच्या फडात गेली की पाणी, भाकरी, बारक्याला सांभाळणं, सगळं कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या, मोठ्या पोरीवर. माझी साखरशाळा, म्हणजे ऊसतोडीवाल्यांच्या मुलांची कारखान्यावरची शाळा, कोप्यांना लागूनच होती, म्हणून माझं निभावलं. २०१० पासून शिक्षण हक्क कायदा आला, मुलांनी नेहमीच्याच शाळेत जावं असं ठरलं आणि साखरशाळा मागं पडल्या. कायदा चांगलाच आहे. दाखला नाही म्हणून मधेच आलेल्या मुलाला परत पाठवता येत नाही, हे मी इथं कितीदा तरी सांगते. पण पोरीच्या कडेवरचं बाळ काही कायदा घेत नाही.

इथं मानखुर्दला आमच्या पालिकेच्या शाळेत दिवाळीनंतर अशी मुलं येतातच. आई-बाप नाक्यावर कामाला उभे राहतात, मुलांना आम्ही वयाप्रमाणे वर्गात घेतो, वह्या-दप्तर पालिका देते. गेल्या वर्षी आपल्याच भागातला एक मुलगा पाचवीत आला. आधी आई-बापांबरोबर दरवर्षी ऊसतोडीला जायचा. जुन्या वह्या त्यानं जपून आणल्या होत्या. तिसरीची वही दिवाळीपर्यंत सुबक अक्षरात भरलेली, पुढं कोरी. चौथीचीही तशीच. मुलगा हुशार, पण दिवाळीनंतर वर्गात जे जे शिकवतात ते त्याला कधी भेटलंच नव्हतं.

मोठीचं असं होऊ द्यायचं नाही. गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह असतं ना, त्यासाठी ज्यांचे आई-बाप ऊसतोडीला जातात त्या मुलांची यादी होते. आण्णा, टोळी निघायच्या आधी मुख्याध्यापकांना भेटा आणि तिचं नाव यादीत आहे ना ते स्वतः बघा, नुसतं 'घातलंय' म्हणाले तर ऐकू नका. दोन वेळचं जेवण तिथं, झोपायला तुमच्याकडं. म्हणजे आई, तुला दोघांचाच स्वयंपाक. अनुदानाचं मात्र वरातीमागून घोडं असतं, हे धरूनच चाला. मधे जेवण बंद पडलं तर गॅस-किराण्याचं मी बघते. यंदा नाहीच जमलं, तर सामाजिक न्याय खात्याची संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहं आहेत, खास ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी, मुलींची वेगळी. तालुक्याला चौकशी करून ठेवा.

राहिला बारक्याचा प्रश्न. वहिनीचं म्हणणं मला पटतं, दोन वर्षांचं लेकरू फडात कुठं ठेवायचं? टोळीत एखादी म्हातारी असेल तर सगळ्यांनी मिळून तिला चार पैसे द्यावेत आणि लेकरं तिच्याकडं ठेवावीत. दादाला मुकादमाशी आत्ताच बोलायला सांगा, तिकडं गेल्यावर कुणी ऐकत नाही.

आई, वयात येणारी पोर मागं ठेवायची म्हणून तुला घोर लागतो, ते मला कळतं. पण फडावर ती जास्त सुरक्षित असते का? तूच सांग. आणि नवरा-बायकोच्या जोडीशिवाय कोयता होत नाही, ऊसतोडीचं काम मिळत नाही, म्हणून आपल्याकडं पोरींची लग्नं कशी उरकतात, तेही तुला ठाऊक आहे. कुणी स्थळ घेऊन आलं तर चहा पाजा आणि माझा नंबर द्या. पुढचं मी बघते.

तुमची,
ताई