मेलेला शीळकरी आणि आमचा फ्रीजर

मा. संपादक,

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक छोटी बातमी होती, गाणारे पक्षी वाचवायला आता डीएनए वापरतात म्हणून. इथे गोव्यात, वाळपईत मी सकाळी जिथे भाजी-पाव खातो तिथे कोणीतरी ती मोठ्याने वाचली आणि कोपऱ्यातला एक जण म्हणाला, "पक्ष्यांना झाडं पायजेत रे, डीएनए कित्याक?" सगळे हसले, मीपण हसलो. पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून जाईना, कारण जूनमध्ये माझ्याच बाबतीत एक प्रकार झाला होता.

बेळगावहून पहाटे चोर्ला घाट उतरत होतो, केरीच्या वरच्या एका वळणावर रस्त्याच्या कडेला शीळकरी कस्तूर पडलेला दिसला. पावसाळ्यात ओहळाच्या बाजूला उजाडायच्या आधी कोणीतरी पोरगा उगाच सूर शोधत शीळ घालत चालल्यासारखं जे ऐकू येतं ना, तोच पक्षी. गाडी थांबवून उचलला, अजून गरम होता. लांबून नुसता काळा दिसतो पण हातात घेऊन उजेडात जरा फिरवला की खांद्यावर आणि कपाळावर असा निळा चमकतो की बघतच राहावं. नर की मादी काही कळेना, कारण या पक्ष्यात दोघं सारखीच दिसतात.

दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून घरी आणला आणि फ्रीजरमध्ये ठेवला, मासेमारी बंदीसाठी साठवलेल्या बांगड्यांच्या शेजारी. बायको काय बोलली ते इथे लिहीत नाही. मग एका सरकारी ऑफिसात फोन केला की असा असा पक्षी मिळालाय, कुणाला अभ्यासाला पाहिजे का. पलीकडून उत्तर आलं, "मेलेला ना? मग फेकून द्या की." दोनदा विचारलं, दोनदा तेच. संध्याकाळी फणसाखाली पुरला. आणि मग मी वाचायला लागलो, ते पुरायच्या आधी वाचायला पाहिजे होतं.

न्यूझीलंडच्या चॅथम बेटांवर काळा रॉबिन म्हणून चिमणीएवढा पक्षी आहे. १९८० साली अख्ख्या जगात पाच उरले होते आणि त्यात पिल्लं काढणारी मादी एकच, तिला ओल्ड ब्लू म्हणायचे. तिथल्या वन्यजीव खात्यातल्या डॉन मर्टन आणि त्याच्या माणसांनी तिची अंडी काढून दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांच्या घरट्यात ठेवली, म्हणजे ती परत अंडी घालणार, आणि असं करत करत आज ते शेकड्यांत आहेत, सगळे तिचेच वंशज. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी लोक सांगतात. काही माद्या अंडं घरट्यात मधोमध न घालता काठावर घालायला लागल्या, काठावरचं अंडं उबत नाही, म्हणून माणसं येऊन हळूच आत सरकवायची. प्रेमानेच करत होते बिचारे, एकेक अंडं मोलाचं होतं. पण ही काठावर घालायची खोड रक्तातून पुढे जाणारी होती, आणि जी पिल्लं एरवी जन्मालाच आली नसती ती वाचून खोड पुढे नेत होती. १९८९ पर्यंत निम्म्याहून जास्त माद्या काठावर अंडी घालायला लागल्या. मग सरकवणं बंद केलं आणि प्रमाण हळूहळू खाली आलं. तेव्हा त्या भाजी-पाववाल्या मित्राला माझं सांगणं एवढंच, की झाडं तर पाहिजेतच, पण पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके झाले की कोण कोणाचं पोर आणि पुढच्या पिढीत काय जातंय हे न बघता केलेली मदतसुद्धा उलटी पडू शकते.

यात अवघड असं काही नाही हो. आपल्याकडे लग्न ठरवताना पहिलं काय विचारतात, गोत्र कुठलं. पिंजऱ्यात वाढवून जंगलात सोडायच्या पक्ष्यांच्या जोड्या लावताना हेच करतात, फक्त तिथे भटजी नाही, वंशावळीची वही आणि डीएनए असतं, आणि सगळ्यात लांबचं नातं बघून जोडी लावतात. (पत्रिका मात्र जुळवत नाहीत, सुखी आहेत.)

उलटी गोष्टही आहे, म्हणजे कोणाला कोणात मिसळू नये हे कळणं. आपल्याच सह्याद्रीत दक्षिणेला उंच माथ्यावरच्या शोला जंगलात एक छोटा निळा पक्षी राहतो, शोलाकिळी. पालघाट खिंडीच्या उत्तरेचा आणि दक्षिणेचा हे एकाच जातीचे म्हणून धरायचे. रक्ताचे नमुने तपासल्यावर कळलं की ते फार पूर्वीच वेगळे झालेत, आणि २०१७ मध्ये त्या दोघांच्या गटाला नवीन शास्त्रीय नावच मिळालं, शोलिकोला. खिंडीच्या अलीकडचे कमी झाले म्हणून कोणी भाबडेपणाने पलीकडचे आणून सोडले असते तर? नुसतं बघून तज्ज्ञांनाही जे नक्की ठरवता आलं नव्हतं, ते रक्ताच्या थेंबाने ठरलं. पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत डीएनए असलेलं केंद्रक असतं, आपल्यासारखं नाही, म्हणून एक थेंब पुरतो, पिसाच्या देठातूनसुद्धा काम होतं. माझा शीळकरी नर की मादी हेही त्यातून कळलं असतं.

आता कोणी म्हणेल शीळकरी कुठे धोक्यात आहे. नाही, मला माहिती आहे. म्हणूनच त्याचे नमुने आत्ता जपायला पाहिजेत. ऑस्ट्रेलियातला रीजंट हनीईटर नावाचा पक्षी आता काही शेच उरलाय, त्याचे नमुने जुन्या म्युझियममधल्या पेंढा भरलेल्या पक्ष्यांशी ताडून बघितले तेव्हा कळलं की जनुकांची विविधता अजून बरीच शाबूत आहे. गाणं मात्र चाललंय, शिकवायला म्हातारे नर सापडत नाहीत म्हणून तरुण नर दुसऱ्याच पक्ष्यांची गाणी म्हणतात, २०२१ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात १२ टक्के नर असे निघाले. म्हणजे डीएनए सगळ्यावर औषध नाही, हे मीपण मान्य करतो. पण हे ताडून बघता आलं ते कशामुळे, तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणीतरी तेव्हा ढिगाने असलेला पक्षी जपून ठेवला म्हणून. हिंदी महासागरातल्या सेशेल्सच्या कझिन बेटावरच्या वार्बलर या छोट्या पक्ष्याचंही तेच, १९६८ च्या सुमारास जेमतेम तीसच्या आसपास उरले होते, पूर्वी त्यांच्यात किती विविधता होती ते म्युझियमच्या कपाटातून कळलं. आमच्याकडे कपाट नाही, फणसाचं झाड आहे.

लोकांनी पिसं गोळा करत फिरावं असं मी म्हणत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने परवानगीशिवाय ते चालतही नाही, मीच खरं तर चुकलो. पण वनखात्याला काय अडचण आहे? चोर्ला, अनमोड, मोले, खोतीगाव, या रस्त्यांवर पावसाळ्यात किती पक्षी मरतात ते रोज जाणाऱ्याला विचारा. एक फ्रीजर वाळपईला, एक मोलेला, अल्कोहोलच्या छोट्या बाटल्या, आणि एक वही, त्यात तारीख, जागा, पक्षी. अल्कोहोल म्हणजे पंचाण्णव टक्क्यांचं, आमची काजूफेणी कितीही कडक असली तरी चालणार नाही. नमुने हैदराबादला सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या लॅकोन्स प्रयोगशाळेत पाठवता येतील, शिकारीत पकडलेलं मटण कुठल्या जनावराचं ते डीएनएवरून सांगणारी हीच लॅब.

फोन कुठल्या नंबरवर करायचा तो खात्याने तुमच्या पेपरात छापावा, आणि उचलणाऱ्याने जागा आणि तारीख तेवढी लिहून घ्यावी. माझी सांगतो, केरीच्या वर, तिसरं वळण, जूनचा दुसरा आठवडा.

आपला एक वाचक,
वाळपई, सत्तरी