टॉर्च स्वतःच्या चेहऱ्यावर धरणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. गणवेशावर नावाची पट्टी होती, पण त्या रात्री विमानात ती वाचायचं भान राहिलं नाही. दुसऱ्या रांगेत कडेला बसलेली म्हातारी बाई आणि तिच्या शेजारी मी, एवढ्या खुणेवर तुम्हाला आठवेल का, कोण जाणे. आईला मात्र तुमचा चेहरा पाठ आहे.

आईला ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ बघून तिला सगळं कळतं. चेक-इनच्या काउंटरवर मी हे स्पष्ट सांगितलं होतं. काही झालं तर कुणीतरी समोर येऊन सांगा, तशी नोंद करून ठेवा, म्हटलं. मान वर न करता उत्तर आलं, "घोषणा होतेच सगळ्यांसाठी." पुन्हा सांगायला गेलो तर त्यांनी मागच्या प्रवाशाला पुढे बोलावलं. गेटवर सांगितलं, तिथेही तेच. ज्या बाईला ऐकूच येत नाही, तिला घोषणेच्या भरवशावर सोडून द्यायचं! तो राग अजून गेलेला नाही आणि तो इथे लपवावा असंही वाटत नाही.

केबिनमधला हवेचा दाब गेला, कानांना दडे बसले, वरून पिवळे मास्क लोंबायला लागले. आधी स्वतःचा, मग शेजारच्याचा, हे दर प्रवासात ऐकलेलं. त्या क्षणी हात आपोआप तसेच चालले. पण मास्क चढवला आणि माझं तोंड त्या पिवळ्या वाटीमागे गेलं. आईला कळायचा एकमेव मार्ग मीच बंद केला होता. ती माझ्याकडे बघत होती, मी ओरडत होतो, आणि तिला फक्त माझे घाबरलेले डोळे दिसत होते. विमान इतक्या वेगाने खाली चाललं होतं की तिने देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. त्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण 12 ते 15 मिनिटं पुरतो, म्हणून वैमानिक मुद्दाम विमान झपाट्याने 10,000 फुटांच्या आसपास आणतात, जिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो, हे मला नंतर समजलं. म्हणजे आपण कोसळत नव्हतो, आपल्याला खाली आणलं जात होतं. पण हे आईला सांगणार कोण?

तुम्ही सांगितलंत. विमान स्थिरावल्यावर तुम्ही रांगा तपासत आलात. आईचे डोळे माझ्या तोंडावर खिळलेले बघितलेत आणि मी काही सांगायच्या आत ओळखलंत. दिवे मंद केलेले होते. तुम्ही गुडघ्यांवर बसलात, चेहरा आईच्या चेहऱ्यासमोर आणलात, हातातला टॉर्च उलटा फिरवलात आणि उजेड स्वतःच्या तोंडावर पाडलात. आईला तुमचे ओठ दिसावेत म्हणून!

मग सावकाश, एकेक शब्द. बिघाड झालाय. विमान वैमानिकाच्या ताब्यात आहे. आपण जवळच्या विमानतळावर उतरतोय. मी खूण केली की असं वाकायचं. तुम्ही तिचा हात धरून वाकायचं कसं ते दाखवलंत आणि तिच्याकडूनही एकदा करून घेतलंत. शेवटी दाराजवळच्या तुमच्या घडीच्या सीटकडे बोट दाखवलंत. मी तिथे समोरच आहे, माझ्याकडे बघत राहा. टॉर्चच्या उजेडात तुमच्या कपाळावर घाम चमकत होता. घाबरला तुम्हीही असणारच. पण आईच्या ओठांची थरथर तिथे थांबली, ती मी शेजारी बसून पाहिली.

विमान सुखरूप उतरलं. वैमानिकांचे उपकार तर आहेतच, ते शब्दांत मावणारे नाहीत.

घरी आल्यावर मी अशा प्रसंगांबद्दल बरंच वाचलं. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर धावपट्टीवरच टक्कर होऊन जपान एअरलाइन्सचं विमान पेटलं. त्यातले सगळे 379 जण जिवंत बाहेर आले. दुसऱ्या, तटरक्षक दलाच्या विमानातल्या पाच जणांचा मात्र जीव गेला. त्या पेटत्या विमानातली घोषणा यंत्रणा बंद पडली होती. केबिन क्रूने मेगाफोन आणि नुसत्या आवाजावर माणसं बाहेर काढली. ते वाचताना मला काउंटरवरचं वाक्य आठवलं, "घोषणा होतेच." यंत्र गप्प झाल्यावर माणसाने माणसापर्यंत पोहोचावं लागतं, आणि तुम्ही आमच्यापर्यंत पोहोचलात. समोरच्याला नेमकं काय हवंय हे त्याने मागायच्या आत बघणं, याला मी माणुसकी म्हणतो. इतक्या वर्षांत ती इतक्या जवळून क्वचितच पाहिली.

आता एक विनंती. उतरताना आई दारात थांबून तुमच्या पाया पडायला वाकली, तुम्ही तिला धरून उभं केलंत आणि काहीतरी बोललात. मी जिन्यावर पुढे होतो, मला ऐकू आलं नाही. आणि केबिनचा उजेड तुमच्या पाठीमागे होता, त्यामुळे आईलाही तुमचे ओठ वाचता आले नाहीत. ती रोज विचारते, काय म्हणाली असेल ती पोर? हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचलं तर तेवढं कळवा. मी तिच्यासमोर उजेडात बसून सांगेन.