हॉलमधली फ्रेम

ती. आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रक्तदाबाची गोळी घेतली असेल तरच पुढे वाचा. हॉलमध्ये तुम्ही फ्रेम करून लावलेले माझे नेटवर्किंगचे प्रमाणपत्र आता माझे राहणार नाही. ती परीक्षा मी गैरमार्गाने उत्तीर्ण झाले, असे मी परवाच संबंधित संस्थेला लेखी कळवले आहे. फोनवर सांगितले असते तर आईने विषय बदलला असता, म्हणून लिहिते आहे.

आई, तू म्हणशील की पोरगी तर रात्र रात्र जागत होती. जागत होते, हे खरे. पण शेवटच्या आठवड्यात एका सहकाऱ्याने दिलेली पीडीएफ मी पाठ केली, जी बाबांनी मोठ्या अक्षरांत छापून, स्पायरल बांधून दिली होती. (बाबा, तुमचा दोष तिळभरही नाही. मी ‘सराव प्रश्नसंच’ म्हटले होते आणि तेव्हा मलाही ते तसेच मानायचे होते.) आमच्याकडे त्याला डम्प म्हणतात: परीक्षा देऊन आलेले लोक आठवतील ते प्रश्न लिहून काढतात आणि कोणीतरी ते जमवून विकतो. परीक्षेआधी पडद्यावर गोपनीयतेचा करार येतो. प्रश्न कोणालाही, तोंडीसुद्धा, सांगणार नाही हे मान्य केल्याखेरीज पुढे जाताच येत नाही. शाळेचा पेपर घरी आणून तुमच्यासमोर एकेक उत्तर ताडून पाहायचे, तसे इथे चालत नाही, कारण तेच प्रश्न पुढच्यांनाही येतात. अभ्यासक्रम जाहीर असतो, त्यावर कितीही बोलावे. म्हणजे आई, त्या संध्याकाळी तुला मी रंगवून सांगितलेले दोन प्रश्नही करारात बसत नव्हते.

एका प्रश्नात तीन राउटरांची आकृती होती. मी त्यांचे पत्ते वाचलेच नाहीत. पहिली ओळ दिसली आणि माऊस आपसूक उत्तरावर गेला. उत्तराला लागलेला वेळ आणि उत्तरांची ठेवण तपासून अशा संस्था निकालानंतरही प्रमाणपत्र रद्द करू शकतात, पण खरे सांगते, मी त्या भीतीने लिहिले नाही. नव्याने लागलेली एक मुलगी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, “ताई, तुमची ती पीडीएफ मिळेल का?” आणि मला दहावीच्या वेळी तुम्ही दारातूनच परत पाठवलेले ते गृहस्थ आठवले, बाबा. तुम्ही त्यांना काय म्हणालात, ते मी खोलीतून ऐकले होते.

आता बंदी किती काळाची, ते कळायचे आहे. मायक्रोसॉफ्टसारख्यांच्या नियमांत तर कायमच्या बंदीचीही तरतूद आहे. वरिष्ठांना मी आधीच सांगितले. बढती यंदा नाही, नोकरी आहे. दर महिन्याचे पैसे पूर्वीसारखेच येतील, औषधे घरपोच येत राहतील, स्वयंपाकाच्या मावशींना बंद करण्याचा विचारही आईने करू नये. लहानपणी ताप आला की तू कपाळावर हात ठेवून नुसती बसायचीस ना, तेवढेच आता हवे आहे.

बाबांनी फ्रेम काढण्यासाठी स्टुलावर चढू नये. मी आले की काढीन. कोणी विचारलेच तर खरे सांगा, माझ्यासाठी खोटे बोलू नका. काकूंचा मुलगा यंदा हीच परीक्षा देतो आहे, तो स्पायरल मागेल, देऊ नका. रद्दीतही अख्खा घालू नका, पाने फाडून टाका, आणि संगणकावरची फाइल मी व्हिडिओ कॉलवर सांगेन तशी काढा, नाहीतर बाबा भलतेच काहीतरी पुसून बसतील.

तुमची,
छकुली