अण्णांचं घड्याळ

सांगली,
२१ जुलै २०१९

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू "दोन हजार तीन अजून जिवंत आहे?" म्हणून हसलास आणि तेवढ्यात माझी एस.टी. आली. आज रविवार, बाहेर धो धो पाऊस, म्हणून सगळं रामायण लिहितो.

हो, जिवंत आहे. मायक्रोसॉफ्टनं विंडोज सर्व्हर २००३ चा, म्हणजे सर्व्हरवरच्या त्या जुन्या विंडोजचा, सपोर्ट १४ जुलै २०१५ लाच बंद केला, पण या पतसंस्थेचं हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावरच चालतं आणि ते लिहून देणाऱ्यानं कधीच दुकान बंद केलं. त्यामुळे डोमेन कंट्रोलर (ऑफिसच्या मशीनांच्या गटाची, म्हणजे डोमेनची, खाती आणि पासवर्ड सांभाळणारं मशीन) विंडोज सर्व्हर २००८ आर२ वर, पोरांच्या टेबलावर विंडोज ७ आणि कोपऱ्यात हा म्हातारा. विंडोज १० चं मशीन आणलं तर त्याला हा दिसतच नाही, कारण याला नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याची एसएमबी १ ही जुनी भाषा सोडून दुसरी येत नाही. संचालक मंडळाला हे मी तीनदा सांगितलंय. चहा दर वेळी चांगला मिळतो.

तर गुरुवारी सकाळी फोन : "कुणाचाच पासवर्ड घेत नाही." गेलो. अकरा मशीनं. विंडोजमध्ये सगळे शिरतात, हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडलं की "लॉगिन फेल". मी मुकाट्यानं सहा जणांचे पासवर्ड बदलून दिले. काही फरक नाही. मग वाटलं, मशीनचा डोमेनशी विश्वास तुटला असेल, म्हणून एक पीसी डोमेनमधून काढून पुन्हा जोडला. तासभर त्यात गेला. त्यात मॅनेजरसाहेबांच्या मशीनवर सगळं सुरळीत! झालं, कॅशियर बाई कुजबुजायला लागल्या की साहेबांनीच सगळ्यांच्या परवानग्या काढल्या.

खरं तर खूण डोळ्यांसमोर होती. तिथे पाच चुकीच्या पासवर्डला खातं लॉक व्हायचा नियम मीच लावलाय. माणसं सकाळपासून वीस-वीस वेळा ठोकत होती आणि एकही खातं लॉक नव्हतं. म्हणजे गाडी पासवर्ड तपासण्यापर्यंत पोचतच नव्हती. हे मला जेवणानंतर सुचलं, वय झालं बाबा.

मग साहेबांच्या मशीनवर जाऊन पाहिलं. त्यांचा शॉर्टकट सर्व्हरच्या नावानं नव्हता, आयपी पत्त्यानं, म्हणजे नेटवर्कवरच्या आकड्यांच्या पत्त्यानं होता. मीच कधीतरी घाईत करून दिलेला. तिथे ट्यूब पेटली. ओळख पटवायच्या दोन पद्धती : नावानं गेलं की कर्बेरॉस, आयपीनं गेलं की एनटीएलएम. म्हणजे एक दार बंद, दुसरं उघडं. बाईंच्या मशीनवर काळी खिडकी उघडून नेट यूज ही सर्व्हरला जोडायची कमांड मारली, सर्व्हरचं नाव घालून. सॉफ्टवेअर जे सकाळपासून गिळून बसलं होतं ते तिथे एका ओळीत आलं : सिस्टीम एरर १३९८, क्लायंट (म्हणजे बाईंचं मशीन) आणि सर्व्हरच्या वेळेत किंवा तारखेत फरक आहे.

मी सर्व्हरच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं. तारीख बरोबर, वेळ दहा मिनिटं पुढे. आणि कर्बेरॉस पाच मिनिटांच्या वर ऐकून घेत नाही.

तुला माहीतच आहे, पण तुझ्या नव्या पोरांना सांगायला लिहितो. क्लायंट तिकिटासोबत (डोमेन कंट्रोलरनं दिलेल्या ओळखीच्या दाखल्यासोबत) आत्ताची वेळ कुलूपबंद करून पाठवतो. कुणी ते पाकीट वाटेत चोरून नंतर पुन्हा दाखवलं तर सर्व्हरला शिळं ओळखता यावं, म्हणून ही वेळ. घड्याळंच जुळत नसतील तर ताजं पाकीटही शिळं ठरतं. एनटीएलएम वेळेच्या बाबतीत बराच सैल, म्हणून साहेबांचं चाललं.

खात्री म्हणून सर्व्हरचा सिक्युरिटी लॉग, म्हणजे कोण शिरलं-कुणाला नाकारलं याची नोंदवही, उघडला, तर फेल्युअरची नोंदच बंद. २००३ मध्ये ती मुळात बंदच असते, विसरलो होतो. चालू केली, बाईंना पुन्हा प्रयत्न करायला लावला आणि आली : घटना ५३७, लॉगऑन प्रकार ३ (नेटवर्कवरून), शेवटी १३३ असलेला तो लांबलचक कोड, म्हणजे वेळेचा फरक. पासवर्ड चुकला असता तर ५२९ आली असती. हा लॉग सकाळी आधी उघडला असता तर सहा जणांना नवे पासवर्ड पाठ करायला लागले नसते. (त्यातल्या दोघांनी ते मॉनिटरला चिकटवलेत.)

आता घड्याळ पुढे गेलंच कसं? चहाला बसलो तेव्हा हेडक्लार्क अण्णा हळूच म्हणाले, "रात्री लाइट गेली होती. सकाळी मशीन म्हणालं एफ वन दाबा, मी दाबला. तारीख २००४ ची आली, ती मी नीट केली." कशावरून? त्यांनी मनगट पुढे केलं. जुनं एचएमटी, चावीचं, काच पिवळी पडलेली. "दहा मिनिटं पुढे ठेवतो. सकाळची बस चुकत नाही."

मदरबोर्डवरचा, मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा सीआर २०३२ सेल संपला होता, यूपीएस तर केव्हाच गेलेला. सेल घड्याळवाल्याकडून आणला. पण डोमेनमधलं मशीन स्वतःहून वेळ जुळवून घेतं, यानं का घेतली नाही? बघितलं तर विंडोज टाइम सर्व्हिस डिसेबल करून ठेवलेली. कुणी केली विचारलं, तर सगळे पावसाकडे बघायला लागले. ऑटोमॅटिक केली, डोमेनकडून वेळ घ्यायला सांगितलं, रीसिंक मारलं, आणि बाईंचं सॉफ्टवेअर एका क्लिकला उघडलं. जाता जाता डोमेन कंट्रोलरही दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या टाइम सर्व्हरला जोडला, वेळेसाठीचा यूडीपी १२३ पोर्ट उघडून. तोही दीड मिनिट मागे होता.

काल संध्याकाळी पुन्हा फोन. अकाउंट्सचा पोरगा. "सर, ऑडिट चालू आहे, दोन-तीन व्हाउचरं राहिलीत. सर्व्हरची तारीख मार्चमध्ये नेली की थोड्या वेळानं आपोआप जुलैत येते. काही बिघाड झालाय का?"

वहिनींना नमस्कार सांग. गणपतीला येशील तेव्हा दोन दिवस जास्त काढून ये.

तुझा,
बाळ्या